नाक वर जात नाही, मागे जातं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका आहे. आपला पेपर आमच्याकडे सकाळच्या एसटीने येतो आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दुपारपर्यंत सगळ्यांच्या हातून फिरतो. मी तो घरभेटी आटोपल्यावर वाचते. आरोग्याच्या पानावर साखर, बीपी, हृदय यांच्याबद्दल पुष्कळ येतं. नाकाबद्दल मात्र फारसं काही वाचल्याचं आठवत नाही. नाक म्हटलं की पडसं, एवढ्यावरच आपलं आटोपतं. गावात फिरताना मी जे पाहते त्यावरून मला वाटतं, आपल्याला आपलं नाक आतून कसं आहे हेच ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसल्याने आपण लेकरांना धोक्यात घालतो. मीही घातलं होतं.

माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. शेतात हरभरा काढणं चालू होतं. मी बायांसोबत गंजीजवळ, आणि ती दाण्यांच्या ढिगापाशी बसून मुठीमुठीने दाणे या डब्यातून त्या डब्यात करत होती. रडली नाही, पडली नाही, संध्याकाळी माझ्या कडेवर झोपूनच घरी आली. चार-पाच दिवसांनी नाक वाहायला लागलं. उन्हाळा-हिवाळ्याच्या संधीचे दिवस, म्हटलं सर्दी असेल. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली. आठ दिवसांनी दुसरी दिली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या श्वासाला वास यायला लागला, पाण्याच्या टाक्याच्या तळाशी पाला सडला की येतो तसा. शेवटी सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "अवं, इचं एकच नाक वाह्यते. दुसरं त कोरडं ठाक हाय."

जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाच्या डॉक्टर मॅडमना मी हे एवढं एकच वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, "लहान मुलाची एकच नाकपुडी वाहते आणि घाण वास येतो, तर आत काही अडकलंय असंच आधी समजायचं. पडसं दोन्हीकडून वाहतं." कपाळावर दिवा बांधून त्यांनी एक टोक वाकवलेली बारीक सळई हरभऱ्याच्या मागे नेली आणि पुढे ओढली. अर्धं मिनिट लागलं असेल. ट्रेमध्ये पडलेला तो हरभरा मी आजही विसरलेली नाही. फुगून दुप्पट झालेला, साल सुटलेलं, काळपट. चिमट्याने गोल दाणा धरायला गेलं की तो निसटून आणखी आत सरकतो, म्हणून ती वाकडी सळई. आणि घरी आपण काय करतो? डोक्यातली पिन काढून कोरतो, नाहीतर पाणी-तेल सोडतो. दाणा पाण्याने आणखी फुगतो.

मी भीत भीत विचारलं, "मॅडम, हा वर मेंदूत गेला असता तर?" त्यांनी कपाटावरून प्लास्टिकचं एक डोकं खाली घेतलं. मधोमध उभं कापलेलं, जसं आपण टरबूज कापतो. नाकाच्या भोकात पेन्सिल घातली आणि सरळ मागे नेली. पेन्सिल वर गेलीच नाही. आडवी गेली, तोंडातल्या टाळूच्या वरून, आणि घशाच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकली. "नाक वर जात नाही ताई, मागे जातं. तुमच्या पोरीचा हरभरा मेंदूत गेला नसता. मागे सरकून घशात पडला असता आणि तिथून श्वासनळीत. भीती त्याची होती."

मी तेव्हा आशाचं प्रशिक्षण घेतलेली बाई होते. लेकराचे श्वास मोजत होते. पण तो श्वास कोणत्या वाटेने आत जातो, हे मला त्या दिवशी दिसलं.

आपण सगळे बाहेरून पाहतो. बाहेर नाक कपाळापासून खाली उतरतं, म्हणून वाटतं की भोकं वर कपाळाकडे जात असतील. तसं नाही. आत एक बोळ आहे. बोळाची जमीन म्हणजे आपल्या तोंडाची टाळू. मधोमध पडदा, त्याने दोन बोळ होतात. दोन्हीकडच्या भिंतींना शिंपल्यासारखी वळलेली तीन-तीन हाडं आडवी निघालेली आहेत, त्यांच्यावर रक्ताने भरलेली ओली कातडी. मॅडमनी त्या हाडांचं काम सांगितलं तेव्हा मला कूलरच्या ताट्या आठवल्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा बाहेरची गरम हवा कूलरच्या ओल्या ताटीतून येते, धूळ तिथेच अडकते आणि हवा ओली होऊन घरात शिरते. नाकातली ही हाडं तेच करतात. फरक एवढाच, की थंडीत ती हवा गरमही करतात. तोंडाने श्वास घेणाऱ्याची हवा ताटी न लावता आत जाते.

सगळ्यात खालच्या शिंपल्याखाली डोळ्यातून येणारी बारीक नळी उघडते. रडलं की नाक वाहतं, डोळ्यात थेंब टाकला की घशात कडू लागतं, ते यामुळे. बोळाच्या मागच्या टोकाला कानाकडे जाणाऱ्या नळ्यांची तोंडं आहेत. लेकरांमध्ये ती नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून पडसं झालं की कान ठणकतो. तिथेच मागे वर मांसाची एक गाठ असते. ती वाढली की पोर तोंड उघडं टाकून झोपतं आणि घोरतं. गावात अशा पोरांना 'बावळट' म्हणून मोकळे होतात. बाप्पांनो, त्याचं नाक मागून बंद आहे, त्याला दवाखान्यात न्या.

आणि बोळ संपला की घसा. तिथे हवेचा आणि अन्नाचा रस्ता एक होतो. खाली जाऊन परत फुटतो, पुढे श्वासनळी, तिच्या मागे अन्ननळी. गिळताना श्वासनळीवर झाकण पडतं. पुढे श्वासनळीच्या दोन फांद्या होतात, त्यातली उजवी जास्त रुंद आणि सरळ खाली उतरणारी. शेंगदाणा, चिंचोका, सीताफळाची बी चुकीच्या रस्त्याने गेली तर बहुतेक वेळा उजवीकडे जाऊन बसते. लेकराला खाताना एकदम ठसका लागला, नंतर ते शांत झालं, पण खोकला आणि छातीतली शिट्टी राहिली, तर ती सर्दी समजू नका.

हे सगळं माहीत झाल्यावर माझ्या कामात पहिला फरक पडला तो तेलाबद्दल.

आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आजी असतात. त्यांचा हात मायेचा असतो, हे मी आधीच सांगते. माझ्या दोन्ही लेकरांना त्यांनीच वाढवलं. पण न्हाऊ झालं की नाकात दोन-दोन थेंब गोडेतेल सोडायची पद्धत अजून गेलेली नाही. बाळ शिंकतं, आजी म्हणते, "पाय, साफ झालं नाक." मी मना केलं की उत्तर मिळतं, "आमी धा लेकरं अशीच वाढवली. तेलाबिगर टाळू कशी भरन?"

टाळू भरण्याशी नाकातल्या तेलाचा काही संबंध नाही, कारण नाक टाळूकडे, म्हणजे डोक्याच्या त्या मऊ जागेकडे जातच नाही. मागे जातं. निजलेल्या बाळाच्या नाकात सोडलेलं तेल सरळ घशात उतरतं आणि थोडं थोडं श्वासनळीत झिरपतं. पाणी गेलं तर ठसका लागून बाहेर तरी येतं. तेलाने ठसकाच नीट लागत नाही. ते गुपचूप फुप्फुसात जाऊन बसतं, आणि फुप्फुसाला ते पचवता येत नाही. रोज दोन थेंब, महिनाभर. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो.

एका घरी मी चौदाव्या दिवसाच्या भेटीला गेले होते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातो. बाळंतीण म्हणाली, "ताई, कालपासून दूध नीट पेत नाही." मी दुपटं बाजूला केलं. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, 68 भरले. खात्री करायला परत मोजले, 66. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता. आमच्याकडे याला 'डब्बा झाला' म्हणतात आणि पोटाला काहीबाही लावत बसतात. आम्ही 102 ला फोन लावला. दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाला ऑक्सिजन लावता लावता विचारलेला पहिला प्रश्न होता, "नाकात तेल घालता का?" आजी माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझा हात घट्ट धरला, पण बोलली नाही. बाळ नऊ दिवसांनी घरी आलं. न्यूमोनियाला कारणं बरीच असतात, त्या बाळाला तेलानेच झाला असं मी म्हणत नाही. पण त्या घरात त्या दिवसापासून बाळाच्या नाकाला तेल लागलं नाही, आणि आता ती आजीच दुसऱ्या घरी जाऊन सांगते.

श्वास मोजण्याचं हे काम साधं दिसतं. पण गावातली बाई घड्याळ लावून श्वास मोजू शकते आणि त्याने लेकरं वाचतात, हे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत दाखवून दिलं. त्यांचं न्यूमोनियावरचं काम 1990 मध्ये जगापुढे आलं. मला याचा अभिमान वाटतो.

बाळाचं नाक चोंदलं तर काय करायचं, हेही सांगते. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. दूध पिताना तोंड गुंतलेलं, नाक बंद, म्हणून ते स्तन तोंडात घेतं, सोडतं आणि रडतं. आईला वाटतं दूध कमी आहे. दवाखान्यात मिळणाऱ्या साध्या मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी चिकट शेंबूड मऊ होतो, मग पाजायचं. बडीशोप-ओव्याची धुरी द्यायची नाही. धुराने नाकातल्या आणि श्वासनळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक केसांची हालचाल मंदावते, आणि तेच केस तर शेंबूड घशाकडे ढकलून काढतात. चुलीत पऱ्हाटी पेटवून बाळाला बाजूला निजवणाऱ्या बायांनाही मी हेच सांगते, की निदान त्याला जिकडून वारा आत येतो तिकडे, दाराजवळ ठेवा.

आता घोळणा. एप्रिल-मे आला की आमच्या गावात रोज कोणाचा तरी घोळणा फुटतो. मागच्या उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवात एका पोराचा फुटला. चौघांनी त्याला उताणं पाडलं, मान मागे टाकली, डोक्यावर घागर ओतली, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. दोन मिनिटांनी रक्त थांबलं असं सगळ्यांना वाटलं, कारण पुढून दिसेना. पाच मिनिटांनी पोराने मांडवातच काळपट रक्ताची उलटी केली आणि त्याच्या आईने हंबरडा फोडला.

रक्त थांबलं नव्हतंच. नाक मागे जातं, म्हणून मान मागे टाकली की रक्त बोळातून घशात आणि घशातून पोटात. पोटात साचलेल्या रक्ताने मळमळतं. बहुतेक घोळणे मधल्या पडद्याच्या अगदी पुढच्या भागातून फुटतात, जिथे बोट सहज पोहोचतं. तिथे बऱ्याच रक्तवाहिन्या एका जागी येऊन मिळतात, वरची कातडी पातळ असते, उन्हाने सुकून तडकते आणि पोरं खपली खरवडतात. रक्त पुढचं आहे, म्हणून ते चिमटीत दाबता येतं. पोराला बसवायचं, मान पुढे झुकवायची, नाकाचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, अंगठा आणि बोटाने दोन्हीकडून घट्ट दाबायचा, श्वास तोंडाने, तोंडात आलेलं थुंकायला लावायचं. पूर्ण दहा मिनिटं. मधेच 'थांबलं का' म्हणून सोडून पाहायचं नाही, त्यानेच परत सुरू होतं. मी त्या दिवशी घड्याळ पाहून दाबून धरलं. लोक बोलत होते, "पोराचा जीव गुदमरते." दहाव्या मिनिटाला हात काढला, थांबलं होतं. अर्ध्या तासातही थांबलं नाही, किंवा म्हातारं माणूस आहे, बीपी आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तर मात्र दाबून धरूनच दवाखाना गाठायचा. त्यांचं रक्त कधी कधी मागच्या भागातून येतं आणि चिमटीत सापडत नाही.

सायनसबद्दलही एक गोष्ट राहिली. आमच्या भागात 'मला सायनस आहे' असं बाया सांगतात, जशी साखर आहे, बीपी आहे. सायनस सगळ्यांनाच असतात. जुन्या मातीच्या घरात भिंतीत देवळ्या असतात, तशा चेहऱ्याच्या हाडांत या हवेच्या पोकळ्या आहेत. चार जोड्या: गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये, आणि एक खूप मागे खोल. त्या सगळ्यांची दारं नाकाच्या बोळात उघडतात. गालातल्या पोकळीची गंमत अशी, की तिचं दार तळाशी नसून वरच्या बाजूला आहे. धान्याच्या कोठीचं तोंड खाली असतं, दाणे आपोआप उतरतात. इथे उलटं. आतल्या बारीक केसांनी शेंबूड वर चढवून दारापर्यंत न्यावा लागतो. पडशाने दार सुजलं की तो आत तुंबतो, वाकलं की गाल जड होतो, वरच्या दाढा ठणकतात, कारण दाढांची मुळं त्याच पोकळीच्या तळाला लागून असतात. माझ्या एका मावशींनी याच दुखण्यापायी वरची चांगली दाढ काढून घेतली. दुखणं तिथेच राहिलं. उलटही होतं, किडलेल्या दाढेमुळे एकाच बाजूची पोकळी भरते.

पिवळा-हिरवा शेंबूड दिसला की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायची सवय आमच्याकडे घरोघरी आहे. बहुतेकांचं हे दुखणं विषाणूचं असतं, आठ-दहा दिवसांत उतरतं. दहा दिवसांवर गेलं, किंवा बरं वाटून परत जास्त झालं, तर डॉक्टरांना दाखवावं. डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाचे दोन दिसायला लागले तर त्याच दिवशी. आणि नाक मोकळं करणारे ड्रॉप्स! आमच्या पिठाच्या गिरणीवाल्या भाऊंच्या खिशात ती कुपी दोन वर्षांपासून होती. चार-पाच दिवसांवर ते ड्रॉप्स वापरले की नाक त्यांच्याचमुळे चोंदतं, मग परत ड्रॉप्स. भाऊंनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते सोडले, पंधरा दिवस फार त्रास काढला, आता रात्री झोपतात.

कोरोनात हेच अज्ञान किती नडलं ते आठवतं. तपासणीची काडी मेंदूला लागते म्हणून माणसं वावरात जाऊन लपली. ती काडी आडवी मागे जाते, टाळूच्या वरून, जिथे मॅडमची पेन्सिल गेली होती तिथेच. तेव्हा मी ते डोकं गावात आणू शकले असते तर दहा वेळा समजवावं लागलं नसतं.

फवारणीच्या दिवसांत माणसं तोंडावर दुपट्टा बांधतात आणि निर्धास्त होतात. नाकातले केस आणि शेंबूड जाडी धूळ अडवतात, औषधाची वाफ नाही. ओला झालेला दुपट्टा उलट ते औषध नाकाशी धरून ठेवतो. 2017 मध्ये आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं गेली, त्यानंतरही हा दुपट्टा सुटलेला नाही. यावर जाणकारांनी वेगळं लिहावं, माझी तेवढी पोच नाही.

संपादक महोदय, माझी एक मागणी आहे. आरोग्याच्या पानावर एकदा त्या कापलेल्या डोक्याचं चित्र छापा. अर्धं पान घ्या. बोळ, टाळू, तीन शिंपले, कानाच्या नळीचं तोंड, श्वासनळी आणि तिचं झाकण, मागे अन्ननळी, सगळ्यांची नावं मराठीत, मोठ्या अक्षरात. नाकाच्या भोकातून मागे घशाकडे जाणारा एक ठळक लाल बाण काढा. आम्ही ते पान कापून अंगणवाडीच्या भिंतीला चिकटवू, न्हाऊ घालणाऱ्या आज्यांना महिन्याच्या चौथ्या मंगळवारी बोलावू आणि त्या बाणावरून बोट फिरवायला लावू. चित्र रंगीत नसलं तरी चालेल, बाण मी लाल पेनाने काढीन.

आपली विश्वासू,
एक आशा स्वयंसेविका
जिल्हा वर्धा

(पत्रात गावातल्या घरांच्या गोष्टी आहेत, म्हणून कृपया माझं आणि गावाचं नाव छापू नये.)